गोल रोखणाऱ्यांचा मान

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘वर्षातील सर्वोत्तम खेळाडू’ हा पुरस्कार १९९२ साली सुरू झाला. त्याच्या मानकऱ्यांची यादी घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे तो खेळाडू मैदानात कुठं उभा राहतो ते लिहीत जावं. आपल्या फुटबॉलचं दुखणं सामन्यांच्या निकालांपेक्षा त्यात लवकर सापडतं.

पहिले मानकरी केरळचे व्ही. पी. सत्यन, सेंटर बॅक. पण नव्वदच्या दशकात बोलबाला होता तो गोल करणाऱ्यांचा. लहानपणी त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकणारे आय. एम. विजयन तीनदा निवडले गेले. बायचुंग भुतिया आले, १९९६ साली गोव्याचे ब्रुनो कुटिन्हो आले.

आता पुढची नावं पाहा. २००९ : सुब्रत पॉल, गोलकीपर. २०१० : गौरमांगी सिंग, सेंटर बॅक. २०१९-२० : गुरप्रीत सिंग संधू, पुन्हा गोलकीपर. लगेच पुढच्या वर्षी संदेश झिंगन आणि २०२४-२५मध्ये मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोस, दोघेही बचावपटू. बरीच वर्षं या पुरस्कारासाठी मतं असायची क्लबांच्या कोचांची. त्यांनी ती प्रामाणिकपणेच दिली असं मी मानतो, कारण भारतीयांमध्ये उजवे होते ते हेच. मात्र सामना जिंकायचा म्हटलं की हेच कोच गोलसमोर परदेशी स्ट्रायकर उभा करतात. आपल्या पोरांच्या वाट्याला बचाव, विंग, नाहीतर राखीव खेळाडूंचं बाक. मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगतेनं लागोपाठ दोनदा हा मान मिळवला, तोही विंगवरून.

मोठा अपवाद सुनील छेत्रीचा. सात वेळा! जून २०२४मध्ये तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला आणि मार्च २०२५मध्ये, वयाच्या चाळिशीत, पुन्हा देशासाठी उतरला. त्याच्या जिद्दीपुढे मान लवतेच. पण त्याला परत बोलवावं लागलं, याचा मला त्रास होतो.

महिलांच्या यादीत बाला देवी, मनीषा कल्याण, सौम्या गुगुलोत अशी आक्रमणातली नावं भेटतात. तिथं जीव सुखावतो.

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये कोचांचीही स्ट्रायकरसारखीच गत. इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य कोच बहुतेक परदेशी. त्यांच्यातून वाट काढत, मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या आणि २०१७मध्ये छोट्या आयझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून देणाऱ्या खालिद जमील यांनी २०२३-२४ आणि २०२४-२५ असा सलग दोनदा सर्वोत्तम कोचचा पुरस्कार घेतला. ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. त्याआधी ही जबाबदारी भारतीय माणसाकडे होती ती २०१२ साली, गोव्याच्या साव्हियो मेदेरांकडे. कोचच्या बाबतीत महासंघानं उशिरा का होईना धीर केला. स्ट्रायकरच्या नऊ नंबरच्या जर्सीबाबत तो आता क्लबांनी करायचा आहे.