मुंढा आधी, बाजू नंतर

गणपतीच्या आदल्या रात्री डब्लिनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात मोदकांची उकड झाकून ठेवली होती आणि जेवणाच्या टेबलावर गुळेदगुड्डच्या खणाचा एक फ्रॉक स्वतःच्याच पोटात शिरून बसला होता. बिनबाह्यांचा, आतून सुती अस्तर. खांदे जोडले, बाजू बंद केल्या, कापड आणि अस्तर सुलट बाजू आमनेसामने ठेवली, गळा शिवला, मग दोन्ही मुंढे गोल शिवून टाकले. टीप सरळ, गोलाई सुरेख. उलटायला गेले तर फ्रॉक उलटेना. गळ्यातून ओढला, खालून ओढला, एका मुंढ्यातून दुसऱ्यात हात घातला. साडेअकराला उसवायला बसले.

उसवताना वाटत होतं की आपलाच हात कच्चा. पुढे लक्षात आलं की शिवणात काही चुकलं नव्हतं, चुकला होता तो क्रम. अस्तर लावलेल्या बिनबाह्यांच्या कपड्याबद्दल जे समज आपण घरून, क्लासातून घेऊन येतो, त्यातले निम्मे बाह्या असलेल्या कपड्याचे असतात.

पहिला आणि सगळ्यात महाग पडणारा समज हाच: आधी बाजूच्या शिलाया, मुंढा शेवटी. बाही लावायची असेल तेव्हा हे चालतं. इथे नाही. गळा आणि मुंढा दोन्ही शिवले की खांद्याची पट्टी नळीसारखी होते. फ्रॉक सुलटा करायचा म्हणजे त्या नळीतून कापड ओढून बाहेर काढायचं. पाठ मधोमध उघडी असेल, म्हणजे चेन तिथे लागणार असेल, तर पाठीचा डावा भाग डाव्या खांद्यातून आणि उजवा उजव्यातून पुढच्या बाजूला ओढता येतो. मात्र त्यासाठी बाजू मोकळ्या हव्यात. त्या बंद असल्या की समोर, पाठ, दोन्ही भाग एकमेकांना बांधलेले. एकच कापड दोन नळ्यांतून एकाच वेळी जाणार कसं?

म्हणून क्रम असा: खांदे जोडा, गळा शिवा, मुंढे शिवा, पाठ खांद्यांतून ओढून उलटा, आणि मग बाजूची शिलाई घ्या. कापडाच्या खालच्या टोकापासून काखेपर्यंत, काखेतला जोड ओलांडून तसंच अस्तरावर, एकाच लांब टिपेत. काखेत कापडाचा जोड आणि अस्तराचा जोड नेमके समोरासमोर आणून आधी तिथे टाचणी लावायची, बाकीच्या टाचण्या नंतर. तो जोड दोन मिलिमीटर सरकला तरी हात वर केल्यावर दिसतो.

‘पाठीत चेन नसेल तर मग हातशिलाईच करावी लागते’ हा दुसरा समज. हातशिलाई वाईट नाही, आमच्या आईचे बारीक टाके मशीनला लाजवायचे. पण सक्ती नाही. गळा शिवून कपडा सुलटा करून घ्या, बाजू मोकळ्याच ठेवा. आता उजवा मुंढा शिवायचा तर डावीकडचा सगळा फ्रॉक वळकटीसारखा गुंडाळत उजव्या खांद्यापर्यंत आणा. उजव्या मुंढ्याची कापडाची कड वळकटीवरून आणि अस्तराची कड खालून घेऊन सुलट बाजू एकमेकींना भिडवा, टाचा, शिवा. वळकटी आत अडकलेली असते, पुरणपोळीतल्या पुरणासारखी; टिपेत फक्त ती सापडू द्यायची नाही. मग बाजूच्या मोकळ्या तोंडातून वळकटी ओढून बाहेर काढली की मुंढा तयार. पहिल्यांदा करताना खरं वाटत नाही. जुन्या चादरीच्या दोन तुकड्यांवर एकदा करून बघा, सगळा खुलासा होतो.

बाजू शिवूनच बसला असाल तर? फ्रॉकचा घेर खाली मोकळा असला तर कापड आणि अस्तराच्या मधून हात घालून काखेतली माया चिमटीत धरून बाहेर ओढता येते आणि काखेपासून खांद्याकडे, पुढून एकदा, पाठीमागून एकदा, असा मुंढा दोन हप्त्यांत शिवता येतो. अरुंद खांद्याला हे फार जिकिरीचं. मी त्या रात्री तेच केलं, पण कुणाला शिकवायला सांगणार नाही.

आता कटाबद्दल. ‘मायेला कट दिले की शिलाई कमजोर होते’ म्हणून अनेकजणी मुंढ्याला कात्री लावतच नाहीत, आणि मग गोलाईवर पुरी फुगल्यासारखी कड येते. त्यामागे साधं गणित आहे. मुंढा हे भोक. मायेची कड टिपेच्या आत असते, म्हणजे लहान गोलावर. उलटल्यावर तीच कड टिपेच्या बाहेर, मोठ्या गोलावर बसायला हवी. माया दीड सेंटिमीटर असेल तर मायेची कड टिपेपेक्षा साधारण साडेनऊ सेंटिमीटर आखूड असते, आणि उलटल्यावर तिला टिपेपेक्षा जवळजवळ तेवढंच लांब व्हावं लागतं. म्हणजे एकोणीस सेंटिमीटरचा फरक. तो कापडातून कुठून निघणार? माया सहा मिलिमीटरवर छाटली तर हाच फरक साडेसात सेंटिमीटरवर येतो. मुंढा लहान मुलीचा असो की मोठ्या बाईचा, फरक जवळपास तेवढाच राहतो. तो मायेच्या रुंदीवर ठरतो, मुंढ्याच्या मापावर नाही. लहान फ्रॉकचा मुंढा जास्त छळतो तो याचमुळे.

तेव्हा आधी छाटा, मग कट द्या. काखेच्या खोलगट भागात दाट, खांद्याजवळ विरळ. टिपेपासून दोनेक मिलिमीटर अलीकडे थांबायचं. खणासारखं किंवा लिननसारखं सुटणारं कापड असेल तर कापडाचे कट आणि अस्तराचे कट एकाखाली एक येऊ देऊ नका, आळीपाळीने द्या. मुंढ्याची टीपही नेहमीपेक्षा बारीक, दोन मिलिमीटरच्या टाक्याची घ्या. शिलाई कमजोर होते ती लांब टाक्यामुळे आणि टिपेला भिडलेल्या कटामुळे. कट न दिल्यामुळे ती मजबूत होत नाही, नुसती ताणलेली राहते.

अस्तर डोकावण्याचा दोष आपण इस्त्रीला देतो. ‘नीट दाबली असती तर आत राहिलं असतं.’ नाही राहणार. माया अस्तराकडे वळवून, अस्तराच्या अंगाने, जोडापासून जेमतेम दोन मिलिमीटरवर आणखी एक टीप मारायची. ती बाहेरून दिसत नाही. खांद्याच्या नळीत मशीनचा पाय पोचत नाही, तिथे तीन-चार सेंटिमीटर आधीच थांबायचं. शिवाय कापतानाच अस्तराची मुंढ्याची कड दोन-तीन मिलिमीटर आत घ्यायची, म्हणजे जोड आपोआप आतल्या बाजूला ओढला जातो. फक्त मुंढ्याची आणि गळ्याची. छातीत आणि पाठीत अस्तर तंग केलंत तर पहिल्याच नाचात काखेत फाटेल.

बिनबाह्यांचा मुंढा खोल हवा, हात मोकळा फिरतो, असंही बाया सांगतात. उलट आहे. बाहीच्या मापावरून बिनबाह्यांचा कपडा बेतताना काखेची खोली एक-दीड सेंटिमीटर वर घ्यायची असते, नाहीतर आतले कपडे दिसतात. पुढून मुंढा उघडा पडत असेल तर दोष बहुधा खोलीचा नसतो. छातीचा टक कमी पडलेला असतो, नाहीतर कापल्यावर मुंढा ताणला गेलेला असतो.

ताणण्यावरून लिननकडे येते, कारण इथे राहून ते टाळता येत नाही. लिनन म्हणजे जवसाच्या काडीचा धागा. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस, फक्त वाण वेगळा, उंच आणि कमी फांद्यांचा. एकोणिसाव्या शतकात बेलफास्टला लोक ‘लिननोपोलिस’ म्हणत. पण आयरिश लिनन म्हणजे इथल्या शेतातलं जवस, हा समज सोडून द्या. आजचं जवस बहुतेक फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांतून येतं, इथली ख्याती विणकामाची. डब्लिनच्या फॅशन डिझायनर सिबिल कॉनोलीने 1950च्या दशकात रुमालाच्या तलम लिननला इतक्या बारीक चुण्या घातल्या की नऊ वार कापड एका वारात मावायचं. अख्खी नऊवारी एका वारात! जॅकलीन केनेडी तिच्या गिऱ्हाइकांपैकी.

लिननचा धागा तुटण्याआधी जेमतेम दोन-तीन टक्के ताणतो, सुती धागा त्याच्या दुपटीहून जास्त. त्यावरून ‘लिनन ताणत नाही, मुंढ्याला आधार नको’ असं वाटतं. धागा ताणत नाही, पण मुंढ्याची गोलाई उरेब कापली जाते आणि तिथे वीणच तिरकी होऊन पसरते. कापल्याबरोबर, अंगावर लावून बघण्याआधी, मायेच्या आतून एक टीप मारून ठेवा. मग तुकडा कागदी बेतावर ठेवून मुंढा जुळतो का पाहा. जास्त भरला तर तीच टीप हलकी ओढून मापात आणता येते.

राहिलं ते दोन बारीकसारीक. ‘आयर्लंडच्या थंडीत बिनबाह्यांचं काय काम?’ इथल्या शाळांतल्या मुलींचा पिनाफोर बिनबाह्यांचाच असतो, आत ब्लाउज, वर कार्डिगन. आणि 18 जुलै 2022 रोजी फिनिक्स पार्कात पारा 33 अंशांवर गेला होता. दुसरं, ‘घरी शिवलं की स्वस्त.’ इथे लहान मुलांच्या तयार कपड्यांवर व्हॅट शून्य आणि मीटरने घेतलेल्या कापडावर 23 टक्के. मुलीचा फ्रॉक पैसे वाचवायला शिवू नका. भारतातून आणलेला खण कपाटात पडून आहे म्हणून शिवा. त्याचा पन्हा लहान असतो, पण मुलीच्या फ्रॉकला पुरतो.

आणि मुंढ्याला टीप मारण्याआधी एकदा हात घालून बघा, बाजू मोकळ्या आहेत ना.