बर्फावरील तीन दिवस

नाताळाच्या सुटींत युरोपांत राहणाऱ्या आप्तांकडे जाण्याचा योग हल्लीं आपल्यापैकीं कित्येक कुटुंबांस येतो. तेथें पोहोंचल्यावर मुलें हटकून विचारतात, "आपण बर्फावर घसरावयास कधीं जाणार?" हा प्रश्न ऐकून कांहीं वडील माणसें घाबरतात, तर कांहीं उत्साहाच्या भरांत पूर्वतयारीवांचून निघतात. हीं दोन्हीं टोकें टाळून तीन दिवसांची अशी सहल कशी आंखावी, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

'स्की' हा शब्द नॉर्वेकडील प्राचीन भाषेंतून आला असून चिरलेलें लांकूड असा त्याचा मूळ अर्थ आहे. माणसाचें वजन लांब फळीवर पसरलें म्हणजे बर्फावरील दाब कमी होतो व पाय रुतत नाहींत. ह्या साध्या तत्त्वावर हें साधन निर्माण झालें. एकोणिसाव्या शतकांत नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांतील सोंद्रे नोरहाइम ह्यानें टांचेस घट्ट धरणारी बांधणी प्रचारांत आणली असें मानतात. तिच्यामुळें वळणें घेणें सुलभ होऊन प्रवासाच्या साधनाचा खेळ झाला. पुढें हा खेळ आल्प्स पर्वतांत रुजला, आणि १९२४ सालीं फ्रान्समधील शामोनी येथें पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने भरले.

प्रथम स्थळाचा विचार करूं. उदाहरणादाखल स्वित्झर्लंडमधील वेंगेन हें गांव घ्या. इंटरलाकेनहून आगगाडीनें लाउटरब्रुनेनला जावें व तेथून दांतेरी रुळांच्या गाडीनें वर चढावें. मोटारींचा रस्ता ह्या गांवापर्यंत जात नाहीं; त्यामुळें लहान मुलांस तेथें मोकळेपणानें हिंडतां येतें. नवशिक्यांसाठीं सौम्य उतार गांवांतच आहे. गांवाची उंची सुमारें १,२७५ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून किंचित् कमीच. परंतु तें विषुववृत्तापासून पुष्कळ उत्तरेस असल्यामुळें तेथें हिवाळ्यांत बर्फ पडतो. दर हजार मीटर चढल्यावर उष्णमान सरासरी साडेसहा अंशांनीं उतरतें. अलीकडे हिवाळे उबदार होत चालल्यामुळें खालच्या गांवांत नाताळांत बर्फ असेलच असें नाहीं. म्हणून जेथून आगगाडीनें अथवा पाळण्यानें अधिक उंच जातां येईल, असेंच गांव निवडावें. वेंगेनहून तीच गाडी २,०६१ मीटर उंचीवरील क्लाइने शाइडेग येथें नेते. नाताळाचा आठवडा आणि फेब्रुवारींतील शाळांच्या सुट्या गर्दीच्या व महाग असतात; शक्य तर जानेवारीचा मध्य साधावा.

दुसरा विचार साहित्याचा. तीन दिवसांसाठीं कांहींही विकत घेऊं नये. स्की, बूट, काठ्या व शिरस्त्राण हें सारें गांवांतच भाड्यानें मिळतें. बूट घट्ट असावेत व आंत एकच पातळ लांब मोजा असावा. बूट व फळी ह्यांस जोडणारी कळ पडतांना आपोआप सुटते, म्हणून पाय मुरगळण्याचा अथवा मोडण्याचा धोका कमी होतो. ती किती ताणावर सुटावी हें वजन, उंची, वय व कौशल्य पाहून ठरवितात. तेव्हां दुकानदारास ह्या गोष्टी खऱ्याच सांगाव्या. कोणी संकोचानें वजन लपवितो, कोणी अभिमानानें कौशल्य वाढवून सांगतो. दोघांच्याही असत्याचा दंड गुडघ्यास भरावा लागतो! सुती कपडा घामानें भिजून गारठतो, यास्तव अंगालगत लोंकरीचा असावा. उंचीबरोबर सूर्याचे अतिनील किरण दर हजार मीटरांस सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेंकतो. म्हणून काळा चष्मा व चेहऱ्यास मलम अवश्य हवें.

तिसरा विचार शिक्षणाचा. वडिलांनीं स्वतः मुलांस शिकवूं नये. तेथील स्की-शाळेंतील शिक्षकाच्या हातीं द्यावें. पहिल्या दिवशीं उभें राहणें, पडणें, उठणें व थांबणें एवढेंच शिकावें. फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ व मागचीं दूर ठेविलीं म्हणजे नांगराच्या फाळासारखा आकार होतो व वेग मंदावतो. दुसऱ्या दिवशीं वळणें शिकावीं; तिसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून एखादी सोपी वाट उतरावी. स्वित्झर्लंडांत सोप्या वाटेस निळी, मध्यम वाटेस तांबडी व कठीण वाटेस काळी खूण असते. दुपारीं विश्रांति घ्यावी. आजीआजोबांस आगगाडींतून शिखरें पाहतां येतात, व लहानग्यांस लांकडी घसरगाडीचा आनंद असतोच.

सुरक्षिततेचे नियम थोडे, पण अनुल्लंघ्य आहेत. खालच्या माणसास वाट देणें हें मागून येणाऱ्याचें कर्तव्य होय. अरुंद जागीं वा वळणाआड थांबूं नये. खुणा केलेली वाट सोडून कदापि जाऊं नये. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पांच पायऱ्या ठरविल्या असून दावोस येथील संस्था हिवाळ्यांत त्यांचें पत्रक रोज काढते. तें पाहण्याची संवय ठेवावी. तेथें रुग्णवाहिकेसाठीं १४४ व विमानानें सुटका करणाऱ्या संस्थेसाठीं १४१४ हे क्रमांक आहेत. ते मुलांकडून पाठ करून घ्यावे.

शेवटीं खर्चाचें. शेंगेन परवान्यासाठीं किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो व अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करावा लागतो. परंतु साध्या विम्यांत स्कीचा अपघात पुष्कळदां वगळलेला असतो. तें कलम घरींच वाचून पाहावें व जरूर तर जादा हप्ता भरावा. डोंगरावरून हेलिकॉप्टरनें उतरविण्याचा खर्च एखाद्या कुटुंबाची वर्षाची शिल्लक खाऊन टाकूं शकतो. नवशिक्यांनीं साऱ्या डोंगराचें महाग तिकीट घेऊं नये; शिकाऊ उतारापुरतें घ्यावें.

ह्या सहलींत सर्वांत कठीण निर्णय तिसऱ्या दिवशींच्या सायंकाळीं येतो. पाय थकलेले, प्रकाश मंद, बर्फ कठीण झालेला, आणि मुलें म्हणतात, "आणखी एकदांच!" त्या वेळीं "आतां पुरे" असें शांतपणें म्हणणारे आईबाप व तें ऐकणारीं मुलें ज्या घरांत आहेत, त्या घरानें खुशाल बर्फावर जावें. तीं सर्व माणसें हंसत घरीं परततील.