पाण्याखालील पतंग : हायड्रिलावरील पॅरापॉयनिक्सचे जीवनचक्र

पतंगाची अळी पाण्याखाली श्वास घेते, असे पदवी वर्गात सांगितल्यास विद्यार्थ्यांचा सहसा विश्वास बसत नाही. खवलेपंखी गणातील बहुसंख्य जाती भूचर असल्याने ते स्वाभाविकही आहे. तथापि क्रॅम्बिडी कुलाच्या ॲसेन्ट्रोपिनी या उपकुलात जलवासी अळ्या असणाऱ्या अनेक जाती आहेत. स्नेलन यांनी १८८० मध्ये वर्णिलेली पॅरापॉयनिक्स डिमिन्युटॅलिस ही त्यांपैकीच एक. तळ्यांत व कालव्यांत माजणारी हायड्रिला ही पाणवनस्पती तिचे प्रमुख खाद्य होय.

मादी पृष्ठभागालगतच्या हायड्रिलाच्या पानांवर अंडी घालते. चार ते सहा दिवसांत बाहेर पडलेली अळी पानांचे तुकडे रेशमाने जोडून त्या घरट्यात राहते. वाढलेल्या अळीच्या दोन्ही बाजूंस शाखायुक्त, तंतुमय कल्ले असतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांतून थेट श्वासनलिकांत जातो. त्यामुळे हवेसाठी तिला वर यावे लागत नाही. तीन ते पाच आठवड्यांनी ती खोडाला रेशमी कोश चिकटवते आणि त्यानंतर सुमारे आठवड्याने पतंग बाहेर पडतो. पांढऱ्या पंखांवर तपकिरी पट्टे असलेला हा निशाचर जीव जेमतेम काही दिवस जगतो. दिव्याभोवती आपल्याला दिसतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा, लहानसा अंश.

हायड्रिलाच्या जैविक नियंत्रणासाठी पाकिस्तानात या पतंगाचा अभ्यास झाला होता. परंतु तो इतर पाणवनस्पतीही खात असल्याने अन्यत्र सोडण्यास अयोग्य ठरला. तरीही १९७६ मध्ये तो फ्लॉरिडात आढळला. कोणीही हेतुपुरस्सर न नेता!

भातशेतीत याचाच सगोत्र, पॅरापॉयनिक्स स्टॅग्नॅलिस, ‘सुरळीतील अळी’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. खाचरातील पाणी काढून टाकणे हा तिच्यावरील जुना उपाय. पाणी गेले की कल्ले निरुपयोगी ठरतात. शेतकरी जे जाणीवपूर्वक करतो, ते नांदेड-लातूरच्या तलावांत उन्हाळाच करतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा वर्षी लहान तलावांतील अळीला महिनाभराचे पाणी कोठून मिळणार? आपल्या जलचर-सूचींत मासे व प्लवक यांना भरपूर जागा मिळते. हा कीटक मात्र क्वचितच नोंदला जातो. वस्तुतः जवळच्या तळ्यातील मूठभर हायड्रिला काचेच्या बरणीत ठेवून कुरतडलेली पाने व तरंगती घरटी शोधणे, एवढ्यावर प्राणिशास्त्र विभागास आरंभ करता येईल. ही पाहणी तलाव आटण्यापूर्वी, हिवाळ्यातच सुरू करावी.