चहाचा एक पेला

परमतसहिष्णुतेची परीक्षा सभेत होत नाही, पंगतीत होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये निमंत्रितांपुढे चहा आला. कोणी घेतला, कोणी नुसता हाती धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापविली आणि गावात बहिष्काराचे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे आणि टिळक यांची मते किती भिन्न! तरी प्रायश्चित्त दोघांनाही घ्यावे लागले.

चहाने कोणाची श्रद्धा ढळली नव्हती. श्रद्धा माणसाला स्वतःचे आचरण शिकविते. पूर्वग्रह दुसऱ्याच्या आचरणावर पहारा ठेवतो. हा भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. बहिष्काराचा मार तर एकट्या माणसावर पडत नाही. घरचे श्राद्ध अडते, मुलीचे लग्न अडते. म्हणूनच भले भले वाकतात.

२०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरला, हे योग्यच झाले. पण जागा भाड्याने देताना आपण आडनाव विचारतो, ताटात काय असते तेही विचारतो. वाळीत टाकणाऱ्याला कायदा शिक्षा करील. मनातला पहारा मात्र ज्याचा त्यानेच उठवावयाचा आहे.