गालाच्या हाडाला मार : सूज चढण्याआधीची तपासणी महत्त्वाची

जबलपूर : छावणी क्षेत्रातील सदर बाजारासारख्या वर्दळीच्या भागात दुचाकी घसरून कोणी पडले, की प्रथम डोके व हातपाय पाहिले जातात. गालावरची सूज बहुधा मुका मार समजून दुर्लक्षिली जाते. मात्र त्या सुजेखाली गालाचे हाड, म्हणजे गंडास्थी, मोडलेली असू शकते.

चेहऱ्याच्या पुढे आलेल्या भागात हे हाड असल्याने आघात त्यावर सहज बसतो. ते कपाळ, वरचा जबडा, कानशील व कवटीचा तळ यांच्या हाडांशी जोडलेले असते. डोळ्याच्या खोबणीची बाहेरची व खालची कडही अंशतः त्यानेच बनते. त्यामुळे गालाचा उंचवटा खचल्यास दृष्टी, स्पर्शज्ञान आणि जबड्याची हालचाल या तिन्हींवर परिणाम होऊ शकतो.

हे हाड त्वचेखाली सहज हाताला लागते. डॉक्टर खोबणीची खालची कड, भुवईच्या बाहेरील टोकाजवळचा सांधा आणि गालापासून कानापर्यंत जाणारी कमान बोटांनी चाचपतात व दोन्ही बाजूंची तुलना करतात. कडेला पायरीसारखा खाचखळगा लागल्यास अस्थिभंगाची शंका बळावते. रुग्णाच्या डोक्यामागून, वरून पाहिल्यास एका गालाचा सपाटपणा लक्षात येतो. काही तासांत सूज वाढली की हाच सपाटपणा झाकला जातो.

अशा वेळी इतर लक्षणे मार्गदर्शक ठरतात. खोबणीखालून गालात येणारी चेता दुखावल्यास गाल, नाकाची बाजू व वरचा ओठ बधिर होतो. कमान आत दबल्यास खालच्या जबड्याला अडथळा होऊन तोंड पुरेसे उघडत नाही. एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळणे, हेही इशारेच होत. दृष्टी मंदावल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

अशा रुग्णाने नाक जोराने शिंकरू नये. मोडलेल्या हाडालगतच्या पोकळीतील हवा त्वचेखाली शिरू शकते. निदान सीटी स्कॅनने पक्के होते. हाड जागचे हलले नसेल तर शस्त्रक्रिया लागेलच असे नाही. हलले असल्यास ती साधारणपणे दोन आठवड्यांच्या आत करणे हितावह असते. त्यानंतर हाड चुकीच्या जागी जुळू लागते. कानशिलावरील केसांत छोटा छेद घेऊन दबलेले हाड उचलण्याची, हॅरॉल्ड गिलीज व सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे. परंतु अर्धे हेल्मेट गाल उघडाच ठेवते. चेहऱ्याला संरक्षण पूर्ण हेल्मेटच देते, तेही पट्टा नीट बांधला असेल तरच.