मोटारविक्रीतील वरकड आकार : वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

काड्यापेटीच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, आणि तीहून अधिक रक्कम घेणे हा आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार अपराध ठरतो. आठ-दहा लाखांच्या मोटारीस मात्र हे संरक्षण लाभलेले नाही. कारण कायद्याच्या परिभाषेत मोटार ही आवेष्टित वस्तू नव्हे. कारखानदार जी ‘एक्स-शोरूम’ किंमत जाहीर करतो, ती केवळ एक घोषणा होय. गिऱ्हाइकाच्या हाती प्रत्यक्षात पडतो तो ‘ऑन-रोड’ किमतीचा तक्ता, आणि या दोन आकड्यांमधील अंतरात शासनाचे कर, विम्याचा हप्ता व विक्रेत्याचे स्वतःचे आकार अशी तीन भिन्न प्रकृतीची देणी एकाच रांगेत बसविलेली असतात. नालासोपारा किंवा विरार येथील नोकरदार कुटुंबाच्या आयुष्यात घराच्या खालोखाल मोठा व्यवहार बहुधा हाच असतो. म्हणून या रांगेची फोड करणे केवळ पुस्तकी कुतूहलाचे काम नाही.

प्रथम शासकीय देण्यांचा विचार करू जाता असे दिसते की, ती सर्व आगाऊ गणित करून काढता येण्याजोगी आहेत. वस्तू व सेवा कर एक्स-शोरूम किमतीतच समाविष्ट असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर तो १८ टक्के व इतर बहुतेक इंधन-मोटारींवर ४० टक्के असून पूर्वीचा भरपाई उपकर मोटारींपुरता संपुष्टात आला आहे. त्यानंतर येतो राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर. याचे मूळ मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ मध्ये आहे. व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीस दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के व त्यापुढे १३ टक्के असा त्याचा दर आहे. नोंदणीचे शुल्क केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या ८१ व्या नियमाने ठरलेले आहे : खाजगी हलक्या वाहनास ६०० रुपये, कर्जाची नोंद असल्यास १,५०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये. आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर कर ८८,००० रुपये व ही तिन्ही शुल्के मिळून ९०,३०० रुपये होतात. त्यात करावरील किरकोळ उपकराची भर पडते. अनेक तक्त्यांत ‘आर.टी.ओ.’ या एका शब्दापुढे जो गोल आकडा लिहिलेला असतो, तो या बेरजेशी ताडून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. तथापि, ते ताडून पाहण्याचा प्रघात नाही.

विम्याचे स्वरूप निराळे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा सक्तीचा झाला. परंतु तो अमुकच विक्रेत्यामार्फत घ्यावा अशी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. उलट, विमा नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये मोटार-विक्रेत्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, त्यांचा आशयच असा की, विक्रेत्याने विमा विकावा, पण गिऱ्हाइकाची निवड हिरावून घेऊ नये. बाहेरून विमा आणणाऱ्यास ‘मग गाडी मिळण्यास वेळ लागेल’ असे सुचविले जाते, तेव्हा देणे कायद्याचे असते, पण दडपण व्यापाराचे असते.

हे सर्व वजा जाता जे उरते, तो खरा प्रस्तुत विषय. हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स चार्जेस, डेपो चार्जेस, फाइल चार्जेस अशी त्याची नाना नावे आहेत. ‘आवश्यक’ म्हणविणारा अॅक्सेसरीजचा संच हाही त्याच कुळातला. समर्थन असे केले जाते की, कंपनीच्या गुदामातून गाडी दुकानापर्यंत आणणे, ती धुणे व तपासणे यांस खर्च येतो. खर्च येतो हे निर्विवाद. पण एक्स-शोरूम या शब्दाचा अर्थच ‘विक्रीदालनाच्या दारात पडणारी किंमत’ असा आहे. दारापर्यंतचा खर्च त्या किमतीत धरलेला नसेल, तर त्या नावाला अर्थ उरत नाही. भाजीवाल्याने वांग्याचा भाव सांगून झाल्यावर मंडईतून टोपली आणल्याची हमाली वेगळी मागावी, तशातलाच हा प्रकार होय.

या ठिकाणी करविषयक कायदा एक अत्यंत उपयुक्त कसोटी पुरवितो. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १५(२) प्रमाणे पुरवठादाराने वस्तू सुपूर्द करण्यापूर्वी किंवा करतेवेळी त्या पुरवठ्यासंबंधी केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल आकारलेली रक्कम ही वस्तूच्या मूल्याचाच भाग समजली जाते. याउलट, त्याच कायद्याखालील ३३ व्या नियमानुसार विक्रेता जी रक्कम गिऱ्हाइकाच्या वतीने, निव्वळ प्रतिनिधी या नात्याने, तिसऱ्याकडे भरतो आणि प्रत्यक्ष भरली तेवढीच वसूल करतो, ती मूल्यात धरली जात नाही. म्हणजे एकूण बिलातील प्रत्येक ओळीस एकच प्रश्न विचारावयाचा : ही रक्कम अखेर कोणाच्या खात्यात स्थिरावते? मोटार वाहन कर व नोंदणी शुल्क शासनाच्या खात्यात जाते आणि ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीतून त्याची पावती निघते. हँडलिंगची रक्कम विक्रेत्याकडेच राहते. सबब कायद्याच्या दृष्टीने ती मोटारीच्या किमतीतील वाढच ठरते, मग तिला नाव काहीही असो. ती साध्या कागदावरील पावतीने, कर न दाखविता घेतली गेली, तर गिऱ्हाइकाबरोबर शासनाचीही हानी होते. तसेच नोंदणी शुल्काच्या नावाखाली भरल्याहून अधिक वसूल केलेली रक्कम ‘निव्वळ प्रतिनिधी’ या सवलतीत बसत नाही.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास एक शंका साहजिकच येईल. विक्रेते अनेक असता, वसई, मीरा रोड, बोरिवली, ठाणे ही सारी ठिकाणे गिऱ्हाइकाच्या आवाक्यात असता, स्पर्धेने हे आकार नाहीसे का होत नाहीत? याचे एक उत्तर मोर्विट्झ, ग्रीनलीफ व जॉन्सन यांच्या १९९८ मधील प्रयोगांत सापडते : किंमत तुकड्यांनी सांगितली असता ग्राहकाच्या स्मरणात एकूण रक्कम प्रत्यक्षाहून कमी राहते. गाबे व लेबसन यांनी २००६ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. काही ग्राहक जोड-किमतींकडे लक्ष देत नसतील, तर स्पर्धा मूळ किमतीवर चालते व जोड-किमती झाकलेल्याच राहतात. त्या उघड करणाऱ्या विक्रेत्यास त्यापासून लाभ होईलच असे नाही, हे त्यांचे प्रतिपादन आहे.

परंतु मूळ किमतीवरील स्पर्धाही येथे पूर्णपणे मोकळी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकी कंपनीस २०० कोटी रुपयांचा दंड केला, तो विक्रेत्यांना ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देण्यास प्रतिबंध केल्याबद्दल. या चौकशीचा उगम महाराष्ट्रातील विक्रेत्यांविषयीच्या एका निनावी तक्रारीत होता. कंपनीने आदेशाविरुद्ध अपील केले ही गोष्ट अलाहिदा. पण त्या प्रकरणावरून एवढे दिसते की, विक्रेत्याच्या नफ्याचे माप कारखानदार ठरवितो आणि जागेचे भाडे, साठ्यावरील व्याज व नोकरांचे पगार मात्र विक्रेत्यास सोसावे लागतात. ज्याला वरची किंमत बदलता येत नाही, तो खालच्या ओळी वाढवितो. हे त्याचे समर्थन नव्हे; पण दोष सर्वस्वी दुकानदाराच्या लोभाचा मानणे हेही अपुरे निदान होय.

या प्रवृत्तीला इतिहास आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून फियाट गाड्या निघत होत्या, त्या काळात मोटारीच्या वाटपावर मोटारगाड्या (वितरण व विक्री) नियंत्रण आदेश, १९५९ चे बंधन होते. १९६९ मध्ये विक्रीच्या किमतीही कायद्याने बांधण्यात आल्या, आणि त्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मागणी अधिक, पुरवठा अल्प व किंमत बांधलेली. परिणामी गिऱ्हाइकांची वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी आणि बिलाबाहेरचा ‘प्रीमियम’. पुढे नियंत्रण गेले, प्रतीक्षायादी बव्हंशी ओसरली. पण सूचीतील किमतीबाहेर काही द्यावे लागते, ही गिऱ्हाइकाची समजूत मागे राहिली. पूर्वी ही रक्कम बिलाबाहेर असे. आता ती बिलात सन्मानाने येऊन बसली आहे, एवढाच काय तो फरक.

वसई-विरारच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत व्यवहाराचा क्रमही ध्यानात घेतला पाहिजे. येथील मोटारींना एम.एच.-४८ या मालिकेचे क्रमांक मिळतात. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, विक्रेता व नोंदणी एकाच राज्यात असता नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करावयाचा असून, नोंदणीक्रमांक लागेपर्यंत वाहन मालकाच्या ताब्यात द्यावयाचे नाही. हेतू स्तुत्य आहे : विनाक्रमांक गाड्या रस्त्यावर येऊ नयेत. मात्र याचा आनुषंगिक परिणाम असा की, गाडी हाती येण्यापूर्वीच कर, विमा व किंमत यांचा भरणा पूर्ण झालेला असतो आणि गिऱ्हाइकाची घासाघीस करण्याची शक्ती त्या क्षणी क्षीणतम असते. शिवाय अर्ज करणे हे विक्रेत्याचे वैधानिक कर्तव्य ठरल्यावर त्याच कामासाठी निराळा ‘फाइल चार्ज’ घेण्याचा आधार अधिकच दुबळा होतो.

कर्जाने घेतलेल्या मोटारीत हा आकार आणखी अदृश्य होतो. दहा हजारांचा वरकड आकार ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जात मिसळला, तर मासिक हप्ता सुमारे २०८ रुपयांनी वाढतो. दरमहा २०८ रुपयांसाठी कोणी भांडत नाही. अखेरीस मात्र दहा हजारांचे सुमारे १२,४५० रुपये झालेले असतात.

उपाय कायद्यात नाहीत असे नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये, एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू वा सेवा घेण्याची अट घालणे ही निर्बंधात्मक व्यापारप्रथा मानली आहे. सक्तीचा विमा व सक्तीचा अॅक्सेसरीज-संच यांचा विचार त्याखाली करता येतो. पावती न देणे ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित प्रथा होय. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. कलम ३४ नुसार ती तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, म्हणजे बोरिवलीत गाडी घेतलेल्या विरारच्या रहिवाशास मुंबई गाठण्याचे कारण नाही. फी अल्प आहे : पाच ते दहा लाखांच्या खरेदीस २०० रुपये. तथापि, आठ-दहा हजारांच्या वसुलीसाठी तारखांना हजर राहण्यात जे दिवस बुडतात, त्यांचे मोल रोजगारावर जगणाऱ्यास परवडत नाही. ज्या आकाराविरुद्ध दाद मागण्याचा खर्च त्या आकाराच्या जवळपास जातो, तो आकार टिकून राहतो. आणि विक्रेत्याने तो नेमका त्याच मापाचा ठेवलेला असतो.

अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कारखानदाराची सुचविलेली किंमत व वाहतूक-आकार छापून लावणे सक्तीचे केले. वाहतुकीचा खर्च तेव्हाच उजेडात आला; पण विक्रेत्याचे कागदपत्र-शुल्क बाहेर राहिले. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने त्यास मर्यादा घातली, अनेक राज्यांनी घातली नाही. तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये एकूण किंमत प्रथमच सांगण्याचा नियम केला, तो जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने कार्यपद्धतीतील उणिवेमुळे रद्द ठरविला. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये किंमत थेंबाथेंबाने उघड करण्याची प्रथा निषिद्ध मानली, पण त्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोख संगणकीय मंचांवरील व्यवहारांकडे आहे. विक्रीदालनातील टेबलावर, हस्ताक्षरात लिहिलेला तक्ता त्यांच्या कक्षेत सहजी येत नाही.

या विषयावर क्षेत्रीय अभ्यास करू इच्छिणाऱ्यास साधनसामग्री जवळच आहे. एम.एच.-४८ मालिकेतील खरेदीदारांकडे बहुधा तीन कागद जपून ठेवलेले असतात : नोंदणीपूर्व तक्ता, कर-बीजक आणि ‘वाहन’ प्रणालीची पावती. या तिहींतील आकडे शेजारी-शेजारी मांडून, विक्रेत्याकडे राहिलेली रक्कम एक्स-शोरूम किमतीच्या प्रमाणात वाढते की सर्व मोटारींवर सारखीच असते, हे पाहावे. पहिले दिसल्यास तो गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर बसविलेला आकार ठरेल. दुसरे दिसल्यास स्वस्त मोटार घेणाऱ्यावर त्याचा भार अधिक पडतो असा निष्कर्ष निघेल, आणि वाहतूक-खर्चाचे समर्थनही त्याच तक्त्यावर पारखता येईल.