अवकाश संशोधनाची वाट नागपूरवरून जाते

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात ठिकठिकाणी लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग येऊन पडली. पुढच्या दिवसांत आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी या रॉकेटचा हा अवशेष असावा, असा अंदाज खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनी व्यक्त केला. त्यानंतर इस्रोचे लोक पाहणीला आले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

अवकाश विज्ञान आपल्या भागातल्या एका खेड्यात असे भंगाराच्या रूपाने उतरले, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. तेच विज्ञान गेली अनेक वर्षे आपल्या शेतांवरून, जंगलांवरून आणि कोलाम पोडांवरून रोज डोळा ठेवून जात आहे, याची मात्र चर्चा होत नाही. वर्धा जिल्ह्यातील काही आदिवासी मुले-मुली आता पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्यासाठी हे क्षेत्र कोठे उघडे आहे आणि कोठे अडते, हे आपल्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

निमित्त एका वडिलांच्या प्रश्नाचे. मुलाची उपग्रह प्रतिमांवरील प्रकल्पासाठी नागपूरला निवड झाली, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “सर, आमचं पोट्टं आता आभायात जाईन का?” मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अवकाश संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीहरिकोट्याचे रॉकेट नाहीतर अंतराळवीर येतो. प्रत्यक्षात या कामाच्या निदान तीन शाखा आहेत. रॉकेट आणि उपग्रह बांधणे ही एक. दुर्बिणींनी ग्रह-ताऱ्यांचा अभ्यास करणे ही दुसरी. आणि उपग्रहातून आपल्याच जमिनीकडे पाहणे, म्हणजे सुदूर संवेदन, ही तिसरी. त्या मुलाचे काम तिसऱ्या शाखेतले होते, आणि आपल्या भागासाठी हीच शाखा सर्वांत जवळची आहे.

जवळची म्हणजे अंतरानेही. वर्ध्याहून सुमारे ७५ किलोमीटरवर नागपुरात अमरावती मार्गावर इस्रोचे प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे. देशभरात अशी पाचच केंद्रे उभारली गेली, त्यांतले हे एक. त्याच शहरात व्हीएनआयटीच्या आवारात राज्य शासनाचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, तेही नागपुरातच. पिके, भूजल, जंगल आणि जमिनीचा वापर यांचे नकाशे अशा केंद्रांतून तयार होतात.

हे काम चालते कसे? उपग्रहाचा कॅमेरा आपल्या फोनसारखा नुसता लाल, हिरवा, निळा रंग टिपत नाही. आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही तो टिपतो. निरोगी हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि जवळचा अवरक्त प्रकाश जोराने परत फेकते. पान सुकू लागले की हा फरक कमी होतो. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळाच गिळते, म्हणून बोर धरणाचा जलाशय अशा प्रतिमेत काळाशार दिसतो. या दोन प्रकाशांची तुलना करून संगणक सांगतो की येथे कपाशी जोमात आहे, तेथे जमीन उघडी आहे, पलीकडे साग आहे.

पण पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या खरिपात, ढग आडवे येतात. त्यावर उपाय रडारचा. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह रडारच्या लहरींनी ढगांतून आणि रात्रीच्या अंधारातही जमीन पाहतो. दर बारा दिवसांनी तो त्याच मार्गावर परत येतो.

आता आपल्या कामाशी थेट संबंध असलेली गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असेल, तर तिच्यावर हक्क मागू शकते. दावा ग्रामसभेत येतो, तेथून उपविभागीय समितीकडे आणि पुढे जिल्हा समितीकडे जातो. पुरावा काय द्यायचा? जुनी विहीर, बांध, थोरांचे जबाब, सरकारी कागद. आणि उपग्रह प्रतिमाही.

येथे गाडी अडते. त्या काळी भारताचा रिसोर्ससॅट-१ हा उपग्रह फिरत होता. त्याच्या एका कॅमेऱ्यासाठी जमिनीचा सर्वांत लहान ठिपका साडेतेवीस मीटर लांब-रुंद होता. म्हणजे एक एकराचे वावर प्रतिमेत जेमतेम सात ठिपक्यांचे! त्यात मोहाची दोन-तीन झाडे राखलेली असतील, तर निम्मे ठिपके जंगलासारखे दिसणार. प्रतिमा मार्च-एप्रिलमधली असेल, तर कापणी झालेले खरिपाचे शेत आणि पडीक माळ यांत फरक करणे कठीण. त्याच उपग्रहावर सुमारे सहा मीटरचा बारीक कॅमेराही होता. त्यात एकराला शंभराहून अधिक ठिपके मिळतात, पण नेमकी हवी त्या महिन्याची प्रतिमा काढलेली असली पाहिजे. नुसत्या प्रतिमेत शेत “दिसत नाही” म्हणून दावा फेटाळला, तर घरच्या घर उठण्याची पाळी येऊ शकते. म्हणूनच २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. उपग्रह प्रतिमा इतर पुराव्याला जोड म्हणून वापरता येईल, तिने इतर पुराव्याची जागा घेऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ही ओळ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावी असे मला वाटते.

प्रतिमा कोण वाचतो याला मोठे महत्त्व आहे. विद्यार्थ्याला प्रकल्पात संगणकापुढे बसून वर्गीकरण करावे लागते आणि नंतर जीपीएस घेऊन प्रत्यक्ष जागेवर जाऊन ते पडताळावे लागते. संगणकाने “झुडपी जंगल” म्हटले, तेथे खरोखर काय आहे? आर्वी किंवा कारंजाच्या डोंगराळ भागात वाढलेल्या मुलीला तेंदू आणि पळस लांबून ओळखता येतात. एखादे वावर एक वर्ष पडीत का राहते हे तिला घरूनच ठाऊक असते, आणि म्हाताऱ्या माणसाशी ती त्याच्या भाषेत बोलू शकते. हे ज्ञान कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. अशी मुले या क्षेत्रात यावीत असे मी म्हणतो ते दयेपोटी म्हणत नाही. त्यांच्यावाचून हे काम अर्धवट होते.

मग शिरायचे कसे? सुरुवातीला पैसा लागत नाही. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरस्थ अभ्यासक्रम चालवते. ते ऑनलाइन आणि विनाशुल्क असतात, आणि प्रमाणपत्र मिळते. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर आपल्या तालुक्याच्या प्रतिमा पाहता येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटरच्या प्रतिमा फुकट उतरवून घेता येतात आणि क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालते. बी.एस्सी.ला भूगोल, भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणक घेतलेला कोणीही विद्यार्थी एवढे करून दाखवू शकतो.

त्यापुढे इस्रोच्या केंद्रांत इंटर्नशिप असते, जास्तीत जास्त ४५ दिवसांची, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी काही महिन्यांचे प्रकल्प असतात. साधारण ६० टक्के गुण आणि महाविद्यालयाचे शिफारसपत्र लागते. जागा केंद्राच्या गरजेप्रमाणे निघतात, म्हणून संकेतस्थळ पाहत राहावे लागते. ताऱ्यांची ओढ असलेल्यांसाठी पुण्यात आयुका आहे आणि नारायणगावजवळ खोडदला ३० महाकाय तबकड्यांची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, आहे. ती चालवणारी पुण्याची एनसीआरए ही संस्था आणि आयुका उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधनाला घेतात. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिच्यात विद्यावेतन आणि रेल्वेभाडेही मिळते. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास भरायचे असतात, आणि आपली मुले नेमकी तेव्हा परीक्षेत किंवा कापूस वेचणीत असतात.

उपग्रह बांधण्याचे कामही विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा एक किलोहून थोडा हलका उपग्रह बांधला. २२ जून २०१६ रोजी तो पीएसएलव्हीने कक्षेत सोडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ गेला. मात्र या दोन्हींमागे मोठ्या संस्था आणि वर्षानुवर्षे बदलत गेलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या होत्या. खेड्यातून आलेल्या मुलाने तिथवर जायचे तर आधी प्रवेश परीक्षेचा डोंगर आहे. तिरुवनंतपुरमच्या भारतीय अवकाश विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत पदवीला जेईई ॲडव्हान्स्डमधूनच जावे लागते. अनुसूचित जमातींसाठी तेथे राखीव जागा आहेत.

आता अडचण. इस्रोच्या इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळत नाही. राहणे, जेवणे, येणे-जाणे ज्याचे त्याने पाहायचे. शहरातल्या मुलाला ४५ दिवस म्हणजे मामाकडे राहण्याची सोय. आपल्या मुलाला ४५ दिवस म्हणजे खोलीभाडे, खाणावळ, बसभाडे, आणि घरी बुडालेली मजुरी. निवडपत्र हातात असूनही न गेलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांनी नकार कळवलासुद्धा नाही, लाज वाटली म्हणून. कागदांचेही तसेच. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती नसेल, तर शिष्यवृत्ती आणि राखीव जागा दोन्ही अडकतात. एकदा संशोधनाला लागल्यावर केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जणांना. परदेशी शिक्षणासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, पण वर्षाला अवघी २० जणांना. म्हणजे वरच्या पायरीवर आधार आहे, खालच्या दोन पायऱ्यांवर तो विरळ आहे.

मंडळीतील ज्या बंधुभगिनींना मदत करावीशी वाटते, त्यांनी मोठ्या रकमेचा विचार आधी करू नये. नागपुरात ज्यांच्या घरी एक खोली रिकामी असते, त्यांनी ती उन्हाळ्यात दीड महिना द्यावी. ज्यांच्याकडे वापरात नसलेला पण चालू लॅपटॉप आहे, त्यांनी तो द्यावा. निवृत्त शिक्षकांनी दिवाळीआधी एक दिवस बसून अर्ज आणि इंग्रजी निवेदन तपासून द्यावे. त्या वेळी मिळालेली दोन तासांची मदत नंतरच्या हजारो रुपयांहून उपयोगी पडते, हा माझा अनुभव आहे.

ज्या वडिलांनी मला प्रश्न विचारला होता, त्यांचा मुलगा प्रकल्प संपवून घरी आला तेव्हा योगायोगाने मी तेथे होतो. त्याने लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि आपल्याच गावाच्या दोन प्रतिमा उघडल्या, एक आताची आणि एक वीस वर्षांपूर्वीची. आताच्या प्रतिमेत वडिलांनी वावर लगेच ओळखले, धुऱ्यावरच्या मोहासकट. जुन्या प्रतिमेत त्याच जागी फिकट तपकिरी डाग होता. मुलगा म्हणाला, “बाबा, इथं तर काहीच पेरलेलं दिसत नाही.” वडील थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “त्या साली बैल मेला होता. वावर पडीत होतं.” मुलाने वही काढली आणि ते लिहून घेतले.